ऑफिसात कुत्रा आणायचा म्हणताय?

‘पाळीव प्राणी आणि आपलं काम’ या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत बहुतेक कुत्र्यांविषयीची होती, मांजराचं एकच. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं गाळून पुणे परिसरातला फक्त राहण्याचा किंवा कामाचा भाग कंसात दिला आहे.

आमची साठ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. दिवाळी झाली की दर शुक्रवारी ज्यांना हवं त्यांनी आपला कुत्रा ऑफिसात आणावा, असं संचालकांच्या मनात आहे. नियमावली करायचं काम एचआर म्हणून माझ्याकडे आलं आहे. सुरुवात कुठून करू? (बाणेर)

ज्यांना कुत्रा नको आहे त्यांच्यापासून करा. नाव न लिहिता भरायचा छोटा फॉर्म सगळ्यांना द्या. दमा किंवा ॲलर्जी आहे का, भीती वाटते का, धर्मामुळे किंवा इतर कशामुळे लांब राहायचं आहे का, आणि कुत्रा किती अंतरावर चालेल: शेजारच्या टेबलापाशी, त्याच मजल्यावर, की मजल्यावरही नको? मीटिंगमध्ये हात वर करायला सांगून हे विचारू नका. साहेब समोर उभे असताना “मला नको” असं कोणी म्हणत नाही. हाऊसकीपिंगच्या मावशी, सुरक्षारक्षक आणि कँटीनमधली मुलं यांना एकेकटं गाठून तोंडी विचारा. बहुतेक ठिकाणी त्यांना विचारायचं राहून जातं आणि पहिल्याच शुक्रवारी पोछा मात्र त्यांच्या हातात येतो. कुत्र्याची शी-शू त्याच्या मालकानेच उचलायची, मावशींना हाक मारायची नाही, हे नियमावलीत पहिल्या ओळीत लिहा.

मग भाडेकरार काढून वाचा. हाउसिंग सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे; भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक सूचना त्याबद्दलच आहे. पण ती राहत्या घरांसाठी आहे. ऑफिसच्या इमारतीचा मालक किंवा कंपनी प्राण्यांना नाही म्हणू शकते. त्यामुळे इमारतीच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या. कोणत्या दाराने यायचं, कोणती लिफ्ट वापरायची आणि खाली फिरवायला कोणता कोपरा, हेही त्यातच लिहून घ्या.

जागा निवडताना दार बंद होणारी, लादी असलेली खोली बघा. गालिचा नको; त्यात केस, लाळ आणि वास बसतो तो निघत नाही. जिथे जेवण वाढलं जातं किंवा शिजतं तिथे प्राणी अजिबात नाही. पहिले आठ शुक्रवार चाचणीचे धरा आणि एका दिवशी चारच कुत्रे ठेवा, त्याहून जास्त नावं आली तर पाळी लावा. पट्टा सव्वा ते दीड मीटरचा, साधा. बटण दाबून लांबणारा दोरीचा पट्टा आणू देऊ नका. ती दोरी खुर्चीच्या चाकांत अडकते, माणसाच्या पोटरीला गुंडाळली तर कातडं सोलते आणि ऐन वेळी तिचं लॉक सुटतं. मालक मीटिंगमध्ये गेला तर कुत्रा कोणाकडे, त्या दुसऱ्या माणसाचं नाव आदल्या दिवशीच लिहून घ्या.

गोंधळ उडतो तो सकाळी साडेनऊला, लिफ्टच्या तोंडाशी. अनोळखी कुत्रे बंद जागेत नाकासमोर नाक येऊन उभे राहिले की भांडतात. दोघांमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर ठेवून बोलवा. आदल्या आठवड्यात एकदा बाहेर मोकळ्यावर, सात-आठ फूट अंतर राखून, एकाच दिशेने शेजारी शेजारी चालवत त्यांची ओळख करून द्या.

तक्रार आली तर त्या दिवशी कुत्रा घरी आणि चर्चा नंतर, हा नियम ठेवा. निर्णय देणारी व्यक्ती एकच असू द्या आणि तिचा स्वतःचा कुत्रा येणारा नसावा. आठ शुक्रवार झाले की तोच फॉर्म पुन्हा फिरवा. आणि दिवाळी झाल्या झाल्या सुरू करू नका. फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत वाजतच राहतात, तेवढं थांबा.

मला कुत्र्यांची लहानपणापासून भीती वाटते. टीममध्ये सगळे “सो क्यूट” म्हणत असतात आणि मी एकटीच खुर्चीवर पाय वर घेऊन बसते. सांगायची लाज वाटते. (एरंडवणे)

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सांगताना कारण देत बसायचीही गरज नाही. एवढं लिहा: “ज्या दिवशी कुत्रे येणार असतील त्याची मला आदल्या दिवशी कल्पना द्यावी. मी बसते ती खोली सोडून ते दुसऱ्या खोलीत असावेत. ते शक्य नसेल तर त्या दिवशी मी घरून काम करीन.” ही मेल मॅनेजरला आणि एचआरला, दोघांना पाठवा. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी कुत्र्याने हलायचं, तुम्ही नंतर. खिडकीपाशी तुमची तीन वर्षांची जागा असेल तर ती कुत्र्यासाठी सोडायला कोणी सांगू नये.

“काही करत नाही हो तो” या वाक्याने कोणाचीही भीती जात नाही. तरीही एखादा कुत्रा जवळ आलाच, तर पळू नका आणि पर्स वर उचलू नका. वर गेलेली वस्तू त्याला खेळ वाटते आणि तो उडी मारतो. हात छातीशी दुमडून अंग थोडं तिरकं करा, नजर जमिनीकडे ठेवा आणि उभ्या राहा. काही घडत नाही असं दिसलं की बहुतेक कुत्रे हुंगून निघून जातात. त्याला बोलावून घ्यायचं काम मालकाचं आहे, तुमचं नाही.

कुत्रा ऑफिसात असला की ताण कमी होतो म्हणतात. त्याला काही आधार आहे का? (खराडी)

आधार आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातील रँडॉल्फ बार्कर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रे आणायची मुभा असलेल्या एका कंपनीत तो केला होता. कुत्रा सोबत आणणाऱ्यांनी दिवसभरात जाणवलेला ताण कमी सांगितला, तर कुत्रा घरी ठेवून आलेल्यांचा आणि प्राणी न पाळणाऱ्यांचा ताण दिवस चढेल तसा वाढला. पण लाळेतून केलेल्या शारीरिक ताणाच्या मोजमापात गटांमध्ये ठळक फरक आढळला नाही. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात पॅट्रिशिया पेंड्री यांनी २४९ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१९चा आहे. कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं प्रत्यक्ष हाताळलेल्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी भरलं.

म्हणजे ज्याला प्राणी आवडतो आणि जो त्याला हात लावतो, त्याला थोडा वेळ बरं वाटतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज तीन तास जात असतील आणि रात्री अकराला कॉल होत असतील, तर त्यावर कुत्रा हा उतारा नाही. कर्मचाऱ्यांचं भलं करायचं असेल तर कामाचे तास आधी नीट करा.

माझा चार वर्षांचा देशी कुत्रा घरी शहाण्यासारखा राहतो. तो ऑफिसात रमेल का, हे आधी कसं ओळखायचं? (वाकड)

घरी शहाणा असणं पुरेसं नाही. तीन गोष्टी पाहा. अनोळखी माणूस दीड-दोन फुटांवरून गेला तर तो जागचा उठतो का? तुम्ही पाच मिनिटं दिसेनासे झालात तर केकाटतो का? खुर्ची सरकल्याचा किंवा प्रिंटरचा आवाज झाला तर दचकल्यावर किती वेळात सावरतो? दोन-चार सेकंदांत सावरून पुन्हा पडून राहिला तर आशा आहे. मिनिटभर थरथरत किंवा भुंकत राहिला तर त्याला घरीच राहू द्या. बरेच चांगले, प्रेमळ कुत्रे ऑफिसात दुःखी असतात. कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. ऑफिसात दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी थोपटायला येतं, त्याची झोप होत नाही, आणि मग तिसऱ्या-चौथ्या तासाला तो चिडतो.

चिडण्याआधी तो सांगत असतो. जवळ खाऊ नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, तोंड दुसरीकडे वळवणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, कान मागे चिकटणं. पुढची पायरी म्हणजे अंग लाकडासारखं ताठ होतं आणि धापा टाकणं एकदम थांबतं. मग गुरगुरतो. शेपूट हलते म्हणजे खूश आहे असं नाही. ताठ, उंच धरलेली आणि झरझर हलणारी शेपूट हा इशारा असतो. गुरगुरला म्हणून ओरडू नका किंवा चापट मारू नका. गुरगुरणं बंद पडलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. त्याला शांतपणे तिथून बाजूला न्या.

तयारीला तीन-चार आठवडे लागतात. घरी एक सुती सतरंजी ठरवा. तो तिच्यावर बसला की खाऊ सतरंजीवरच टाकायचा, हातातून द्यायचा नाही. आधी दोन मिनिटं, मग दहा, मग तुम्ही लॅपटॉपवर काम करत असताना अर्धा तास. तीच सतरंजी न धुता ऑफिसात न्या, घरचा वास त्याला धीर देतो. तिच्याभोवती तीन फुटांत त्याला कोणी हात लावायचा नाही, असा कागद लावा. पहिल्या दिवशी दोनच तास. पुढे दर तीन-चार तासांनी दहा-पंधरा मिनिटं खाली फिरवून आणा. किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला लिटरभर, उन्हाळ्यात जास्त.

त्याला ॲक्टिव्हावर पायापाशी उभा करून नेऊ नका. पुण्यात हे सर्रास दिसतं, पण अचानक ब्रेक लागला की कुत्रा पुढच्या चाकासमोर जातो, आणि पट्टा हँडलला बांधलेला असेल तर गळ्याला फास बसतो. चारचाकीत मागच्या सीटवर, छातीपट्ट्याला सीटबेल्ट अडकवून न्या. एप्रिल-मेमध्ये पार्किंगच्या डांबरावर स्वतःचा हात ७ सेकंद उलटा टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही भाजतं. गाडीत “दोनच मिनिटं” ठेवून वर जाऊ नका. बाहेर ३० अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत चाळिशी गाठली जाते.

ऑफिसात कुत्र्याला विषारी असं काय असतं? (मगरपट्टा)

टेबलाचे खण आणि दिवाळीचे गिफ्ट हॅम्पर. दहा किलोच्या कुत्र्याला साधारण ९० ग्रॅम मिल्क चॉकलेट किंवा ४० ग्रॅम डार्क चॉकलेट पोटात गेलं तरी उलट्या आणि धडधड सुरू होऊ शकते. मनुके आणि द्राक्षं यांचं सुरक्षित प्रमाण सांगताच येत नाही. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा मनुक्यांनी बंद पडतात. साखर नसलेल्या च्युइंगममध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असेल तर लहान कुत्र्याची रक्तातली साखर दोन-चार गोळ्यांतही धोकादायकरीत्या घसरते. डब्यातला कांदा-लसूण, म्हणजे आपली जवळजवळ प्रत्येक भाजी, थोडी थोडी रोज मिळाली तरी तांबड्या पेशी फुटतात. कुंड्यांपैकी मनी प्लांट आणि डिफेनबाखिया चावले की तोंड सुजतं. अरेका पाम आणि स्पायडर प्लांट चालतात. खाल्लं असं कळलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्यानेच जीव जाऊ शकतो. वेष्टन हातात घेऊन पशुवैद्याला फोन करा: काय, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन.

गालिच्यावर शू झाली. फिनाइलने पुसलं तरी पुन्हा तिथेच करतो. (विमाननगर)

वास गेलेला नाही, म्हणून. आधी जुन्या सुती कापडाने दाबून ओल टिपा. घासलं की ती आत उतरते. मग एंझाइम असलेला क्लीनर शू पसरली होती त्यापेक्षा चार बोटं जास्त जागेवर ओता, बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतका ओला राहू द्या आणि आपोआप वाळू द्या. शूवर ब्लीच ओतू नका, त्यातून घशाला झोंबणारा घातक वायू निघतो. काळं फिनाइल कुत्र्यांना वाईट आणि मांजरांना त्याहून वाईट.

कोणती कागदपत्रं मागायची? आणि चावलाच तर काय करायचं? (पिंपरी)

महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना; पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा वेगवेगळा, घर जिथे आहे तिथला. लसीकरणाचं पुस्तक: रेबीजची लस वर्षाच्या आतली, आणि डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या साथीच्या आजारांच्या लसीत लेप्टोस्पायरोसिसचाही समावेश हवा. लेप्टो उंदरांच्या लघवीतून पसरतो आणि माणसालाही होतो, त्यामुळे पावसाळ्याआधी ही तारीख तपासा. अनेक कुत्रे एकत्र येणार असतील तर केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लसही घ्यायला सांगा. गोचिडीचं औषध चालू आहे याची नोंद ठेवा. चार महिन्यांखालचं पिल्लू आणू देऊ नका, त्याच्या लसी पुऱ्या झालेल्या नसतात. माजावर आलेली मादीही नको.

चावा किंवा रक्त आलेला ओरखडा असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, तिखट, चुना काहीही भरायचं नाही आणि घट्ट पट्टी बांधायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ससून, महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, पिंपरीत वायसीएम, किंवा जवळचं खासगी रुग्णालय. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी असते. कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हेही लागतं, ते आवर्जून विचारा. याआधी पूर्ण कोर्स झालेल्याला दोनच डोस पुरतात. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरी बसून राहू नका. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं आणि तो ठणठणीत राहिला तर पुढच्या डोसांचं डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून इथे कुठलीही भीड धरू नका. “आपल्या टीममधलाच कुत्रा आहे, कशाला उगाच” हे ऐकून घेऊ नका.

आवरायला हवा होता तो कुत्रा मालकाने निष्काळजीपणे मोकळा सोडला आणि त्याच्यापासून माणसाला इजा होण्याचा धोका उभा राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे मालकांना सही घेतानाच वाचून दाखवा.

मला दमा आहे. कुत्रा दुसऱ्या खोलीत ठेवला तर चालेल ना? (हडपसर)

सेंट्रल एसीचा डक्ट एक असेल तर चालेलच असं नाही. त्रास केसांपेक्षा लाळ आणि त्वचेतल्या प्रथिनांचा असतो. त्यांचे बारीक कण हवेत तरंगतात आणि मालकाच्या शर्टावरूनही येतात. मांजराचे कण जास्त चिवट असतात, मांजर गेल्यावर महिनोन्‌महिने सापडतात. तुमच्या खोलीला वेगळा एसी, हेपा फिल्टरचं एअर प्युरिफायर आणि खुर्ची कापडाऐवजी जाळीची किंवा रेक्झिनची मागा. इनहेलर बॅगेत नको, खिशात हवा. एवढं करूनही शुक्रवारी संध्याकाळी छातीत घरघर होत असेल तर डॉक्टरांचं पत्र द्या आणि त्या मजल्यावर प्राणी बंद करायला सांगा. “ॲलर्जी न होणाऱ्या जाती” या दाव्यावर जाऊ नका.

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात आमचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. नकाशांच्या गुंडाळ्यांमागे मांजर व्याली. चार पिल्लं आहेत. आता? (सदाशिव पेठ)

आधी हात लावू नका. सारखं डोकावलं तर ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून दुसरीकडे हलवेल, आणि वाड्यात ती दुसरी जागा माळ्यावरची किंवा पत्र्याखालची असते. शेजारी पाणी आणि खाणं ठेवा. दूध पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुपटीहून जास्त लागतं. दूध ठेवू नका, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा पिल्लांसाठीचं तयार खाणं ठेवा. खाण्यापासून लांब एका उथळ ट्रेमध्ये वाळू घाला.

पिल्लांचे डोळे सात ते दहा दिवसांत उघडतात. दोन ते सात आठवडे हा त्यांना माणसाची सवय लागण्याचा काळ. त्यात रोज दहा-पंधरा मिनिटं वेगवेगळ्या माणसांनी हाताळलं तर ती माणसाळतात आणि घरं मिळतात. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं चाटू लागतात, आठव्याला आईपासून सुटी होतात. मांजर अंगावर पिल्लं असतानाही पुन्हा गाभण राहते, म्हणून पिल्लं सुटताच तिची नसबंदी करा. उशीर केलात तर दिवाळीपर्यंत आणखी चार होतील.

कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचिडीचं औषध मांजरावर चुकूनही लावू नका, ते जीवघेणं आहे. रिसेप्शनवरच्या गुच्छात लिली असेल तर काढा. तिचे परागकण अंगावर पडून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. वाळू रोज बदला. मांजराच्या शीमधले टॉक्सोप्लाझ्माचे जंतू (पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारे परजीवी) बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे रोज साफ केलेल्या ट्रेचा धोका फार कमी. तरी ऑफिसात कोणी गरोदर असेल तर तिने ते काम करू नये.

आमच्या गेटवर तीन भटके कुत्रे असतात. सगळे बिस्किटं घालतात. त्यांनाच ऑफिसचे कुत्रे म्हणून सांभाळलं तर? (शिवाजीनगर)

कल्पना चांगली आहे. मुंबईतलं टाटा समूहाचं मुख्यालय, बॉम्बे हाउस, २०१८ मध्ये नूतनीकरणानंतर उघडलं तेव्हा तिथे भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली केली होती. पण तिथे ती सोय कंपनीने जबाबदारी घेऊन केली होती. गेटवर पारले-जी फेकण्याला सांभाळणं म्हणत नाहीत. बिस्किटांत मैदा आणि साखर असते, पोट भरतं पण कातडी खराब होते. शिवाय खाणं मिळण्याची जागा गेटच असेल तर कुत्रे गेट राखायला लागतात आणि रात्री शिफ्ट सुटणाऱ्यांच्या गाड्यांमागे धावतात.

खाण्याची जागा आणि वेळ ठरवा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये सोसायट्यांसाठी जे सांगितलं आहे ते इथेही उपयोगी पडतं: जागा प्रवेशद्वारं, जिने आणि मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून दूर असावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशाने रस्त्यावर वाटेल तिथे खायला घालायला मनाई करून पालिकांना वॉर्डनिहाय जागा नेमायला सांगितलं. त्यामुळे आपल्या आवारात, मालकाच्या परवानगीने किंवा नेमलेल्या जागीच घाला. तुमचं ऑफिस शाळा-कॉलेज किंवा रुग्णालयाच्या आवारात असेल तर त्याच न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५चा आदेश लागू होतो आणि तिथे कुत्रे ठेवता येत नाहीत.

मग कान बघा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाचा कोपरा कापलेला असतो. नसेल तर महापालिकेकडे किंवा शहरात काम करणाऱ्या प्राणी संस्थेकडे नसबंदी आणि रेबीज लसीसाठी नोंदवा, आणि कुत्रा त्याच जागी परत सोडणार ना हे विचारून घ्या. दर वर्षी लसीची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाका. खर्च आणि नाव एका माणसाचं असावं. सगळ्यांचा कुत्रा आजारी पडला की कोणाचाच नसतो. गणपतीत ढोल-ताशांची पथकं जाणाऱ्या रस्त्यावर असाल तर विसर्जनाच्या दिवशी त्यांच्यासाठी मागचं पार्किंग उघडं ठेवा.

आमच्या म्हाताऱ्या लॅब्राडॉरला रोज सलाइन लावावं लागतंय. रजा मागितली तर “कुत्र्यासाठी रजा?” असं ऐकावं लागलं. (औंध)

अशी रजा द्यायला कायदा कंपनीला भाग पाडत नाही, पण मागायला अडचण नाही. “कुत्रा आजारी आहे” एवढंच सांगितलं की समोरच्याला त्याला अंत दिसत नाही. नेमकं सांगा: पशुवैद्यांनी दहा दिवस सलाइन सांगितलं आहे, सकाळी नऊ ते अकरा, तेवढे दिवस मी बाराला येऊन आठला निघेन. सोबत पशुवैद्याची चिठ्ठी जोडा. घरी सलाइन देणारे पशुवैद्य आणि त्यांचे मदतनीस पुण्यात मिळतात, संध्याकाळची वेळ मिळते का तेही बघा.

आणि मॅनेजर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: बारा वर्षं घरात असलेला कुत्रा गेला की माणूस दोन-तीन दिवस नीट जेवत नाही. त्याला एक दिवसाची रजा कारण न विचारता द्या, आणि त्या आठवड्यात “दुसरा आणा की” म्हणू नका. ऑफिसात एकही कुत्रा नसला तरी हे करता येतं.